तसबिरीच्या पट्टीचं कूळ

छताखाली बारीक अ‍ॅल्युमिनियमची रेल, तिच्यातून सोडलेल्या तारा, तारेवर वर-खाली सरकणारे हूक आणि त्यांना अडकवलेल्या फ्रेमा. नव्या घरांत ही सोय झपाट्याने रुळते आहे. काँक्रीटच्या भिंतीत दर तसबिरीमागे ड्रिल चालवावं लागत नाही आणि भाड्याच्या घरात मालकाची कुरकुर ऐकावी लागत नाही.

तिचं मूळ विचारलं की दोन उत्तरं मिळतात. पहिलं गवंड्याचं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी घरांत लाकडी कामट्यांवर गिलावा असे. खिळा ठोकला की त्याचा ढलपा सुटे, म्हणून वर लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर पितळी आकडे अडकवले. दुसरं उत्तर वास्तुविशारदांचं. भिंतीचे आडवे तीन भाग पाडायची जुनी रीत होती, त्यातल्या वरच्या पट्ट्याची खालची कड म्हणजे ही पट्टी. तसबिरी तिला नंतर लटकल्या.

दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. खोलीतल्या साऱ्या चित्रांनी एकाच आडव्या रेषेशी बांधलेलं राहावं, ही कल्पना मुळात कुठून आली? माझ्या मते ती घरात जन्मलीच नाही, प्रदर्शनाच्या दालनातून घरात आली.

लंडनच्या रॉयल अकॅडमीचं वार्षिक प्रदर्शन 1780पासून सॉमरसेट हाउसमध्ये भरू लागलं. तिथल्या मोठ्या दालनात जमिनीपासून 8 फुटांवर भिंतीभर एक कड फिरवलेली होती. तिला नुसतं ‘रेषा’ म्हणत. मोठ्या चित्रांच्या फ्रेमांचा तळ या कडेवर येई, त्यावरची चित्रं पुढे कललेली असत. रेषेवर जागा मिळणं हा मान होता, पण सगळ्यांना तो पेलत नसे. 1784 साली गेन्सबरोने तीन राजकन्यांचं चित्र पाठवलं. त्यातली हळुवार रंगछटा 8 फुटांवरून दिसणार नाही, ते साडेपाच फुटांवर लावा, असं त्याचं म्हणणं. अकॅडमी बधली नाही. त्याने आपली सगळी चित्रं परत नेली आणि तिथे पुन्हा कधीच प्रदर्शन केलं नाही. एका लाकडी कडेने केवढा मोठा चित्रकार गमावला!

यावर विरोधक म्हणतील, रेषेवर चित्रं टेकत होती, घरातल्या पट्टीखाली ती लोंबतात. मग नातं कसलं? आक्षेप वजनदार आहे. ‘या कडेची ती पट्टी झाली’ असं सांगणारा एखादा सुताराचा कागद माझ्या हाती नाही. पण फ्रेंचांकडे पाहा. लटकवायच्या रेलला ते ‘सिमेझ’ म्हणतात. मूळ ग्रीक ‘क्युमातिओन’, म्हणजे छोटी लाट, लॅटिनमध्ये ‘सिमातिउम’. देवळाच्या कंगणीवरच्या लाटेसारख्या वळणाचं हे नाव. पुढे तेच नाव खाली उतरून भिंतीवर छातीच्या उंचीला फिरणाऱ्या कडेला मिळालं. प्रदर्शनात त्या कडेलगतची, डोळ्यांसमोरची जागा सर्वांत मानाची ठरली आणि ‘सिमेझवर लागणं’ म्हणजे प्रदर्शित होणं झालं. आज तोच शब्द पुन्हा छताशी जाऊन बसला आहे. चित्र टेकवणारी कड आणि चित्र लटकवणारी रेल फ्रेंच माणसाला एकाच नावाची वाटते, एवढी साक्ष मला पुरेशी आहे.

पॅरिसच्या ‘सलाँ’ या प्रदर्शनात चित्रं मांडणाऱ्या अधिकाऱ्याला ‘तापिसिए’ म्हणत, म्हणजे भिंतींवर पडदे-गालिचे चढवणारा. 1761 ते 1774 हे काम शार्दँने केलं. तोच, भांडीकुंडी आणि फळं रंगवणारा. भिंत कापडासारखी वरून खाली पांघरायची, ही दृष्टी त्या पदनामात आहे. वरून सोडलेल्या तारांचं बीज मला तिथेही दिसतं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. 1929मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आल्फ्रेड बारने चित्रं एका ओळीत, ऐसपैस अंतर ठेवून लावली. आधुनिक घरांनी भिंतीवरच्या कडा काढून टाकल्या आणि लाकडी पट्टीही गेली. ती धातूची होऊन परतली.

रेषेवरच्या चित्रांचा तो कल आपल्याही ओळखीचा आहे. जुन्या मराठी घरांत देवांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरी आढ्यालगत, पुढे झुकलेल्या असत. नव्या रेलवरही तो साधतो. तार फ्रेमच्या मागे वरच्या कडेजवळ अडकवली तर चित्र भिंतीला सपाट बसतं. अडकवायची जागा खाली घेतली की वरची कड पुढे झुकते.