जुनी नौका भक्कम, नवी नाजूक? फायबरग्लासच्या शिडाच्या नौकांचा इतिहास

१/ बीडची खजाना विहीर पाहून परतणारा माणूस एक वाक्य हमखास बोलतो : ‘पूर्वीचे बांधकाम पक्के, आताचे कच्चे.’ निजामशाहीच्या काळातील, सोळाव्या शतकातली ही विहीर डोळ्यांसमोर असल्याने ते पटतेही. फायबरग्लासच्या शिडाच्या नौकांबद्दल समुद्रावर हेच वाक्य ऐकू येते. तिथे मात्र ते पुराव्यावर घासून पाहता येते, आणि त्या पुराव्यात भारतीय नौकाही आहेत.

२/ फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचे कापड आणि त्याला जखडून घट्ट करणारे रेझिन. अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये त्यापासून लहान होडी घडवली. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पीअरसन कंपनीची ‘ट्रायटन’ आली आणि यॉटबांधणीत सुताराची जागा साच्याने घेतली. एका साच्यातून शेकडो नौका निघू लागल्या.

३/ हे द्रव्य किती वर्षे, किती भार सोसेल याचा अनुभव तेव्हा कोणालाच नव्हता. हाताला सवय लाकडाच्या जाडीची, त्यात रेझिन स्वस्त. म्हणून कवचे सढळ हाताने जाड केली गेली. आज जिला ‘जुनी मजबुती’ म्हणतात, ती बऱ्याच अंशी अज्ञानापोटी बाळगलेली सावधगिरी होती. रेझिन खनिज तेलापासून बनते. १९७३ च्या तेलसंकटात त्याचे भाव चढले आणि जाडीचा हिशेब सुरू झाला.

४/ जाड म्हणजे निर्दोष नव्हे. जुन्या पॉलिएस्टर रेझिनमधून पाणी हळूहळू आत झिरपे, आतील न मुरलेली रसायने विरघळवी आणि कवचावर फोड येत. यालाच ‘ऑस्मोसिस’ म्हणतात. अनेक नौकांच्या डेकमध्ये हलके बाल्सा लाकूड भरलेले असे. स्क्रूच्या छिद्रांतून पाणी शिरले की ते आतल्या आत कुजे.

५/ तरीही जुन्या बांधणीची कामगिरी नाकारता येत नाही. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर्सनी १९८५ ते १९८७ दरम्यान ‘तृष्णा’वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ती पहिली प्रदक्षिणा. तृष्णा ही ‘स्वान ३७’ जातीची, फिनलंडच्या नौटर कारखान्यातली फायबरग्लासची नौका होती.

६/ गोल्डन ग्लोब शर्यतीत तर १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या, लांब कीलच्या नौकांनाच प्रवेश मिळतो. कील म्हणजे नौकेला तोल देणारा तळाचा जड भाग. २०२२ च्या शर्यतीत अभिलाष टॉमी ‘रसलर ३६’ जातीच्या ‘बायनात’वरून एकट्याने जग फिरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. २०१८ ची शर्यत याच जातीच्या नौकेने जिंकली होती.

७/ नवी बांधणी वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. दोन पातळ थर आणि मध्ये हलका गाभा, म्हणजे ‘सँडविच’. वजन कमी, ताठपणा अधिक. रेझिनही पाण्याला अधिक दाद न देणारे. मात्र जादा जाडीची जुनी उशी येथे नसते. जोड चुकला तर सांभाळून घेणारे काही उरत नाही. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ या ब्रिटिश यॉटची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चार जण दगावले. आधी तळाला बसलेले धक्के आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी कीलजवळचा भाग कमजोर झाला असावा, असे चौकशीत निघाले.

८/ मग नव्यावर विश्वास ठेवावा कसा? उत्तर गोव्यात सापडते. दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ घडली. लाकडाचा गाभा, दोन्ही अंगांना फायबरग्लास, लांबी ५६ फूट. बांधणीवर जातीने लक्ष ठेवणारे नौदल अधिकारी दिलीप दोंदे तीच नौका घेऊन २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरले. बांधणीत राहिलेल्या चुकीची किंमत स्वतःच्या जिवाने मोजावी लागेल, हे जाणणारा माणूस कामावर उभा होता.

९/ तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तिच्यातून प्रदक्षिणा पूर्ण केली. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा अळगिरीसामी या दोघींनी तीच नौका पुन्हा जगभर फिरवून आणली. नवी बांधणी नाजूक असती, तर दक्षिण महासागराने तिला दोनदा जाऊ दिले नसते.

१०/ आता पुन्हा खजाना विहिरीकडे. ती टिकली म्हणून दिसते. तिच्याच काळातील ढासळलेल्या विहिरी मोजायला आज कोणी जात नाही. जुन्या नौकांचेही तसेच. जुन्या काळाने जाडी दिली, नव्याने हिशेब दिला. बांधणारा हात आणि तपासणारी नजर दोन्ही काळांत लागलीच. म्हणून कोणतीही बांधणी पाहताना ‘कधीची?’ या प्रश्नावर न थांबता ‘कोणी तपासली?’ हेही विचारावे.