जिवंतांचे नगर, मृतांची जागा

पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावे एकत्र करून ४ मार्च १९७० रोजी पिंपरी-चिंचवड नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा कारखान्यांची धुराडी आधीच उभी होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये. प्रथम कारखाना आला, मग कामगार, मग त्याचे कुटुंब, आणि सर्वांच्या मागून नगरपालिका. या नगराची पुष्कळशी दुखणी या उलट्या क्रमातून उद्भवली आहेत. पुढे चाकणलाही हेच घडले. मोटारींचे कारखाने ग्रामपंचायतीच्या काळात आले, नगरपरिषद मागाहून झाली.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि तिला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये आहेत, कलम ६६ मध्ये ऐच्छिक. उद्याने, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये ऐच्छिक यादीत पडतात. म्हणजे समाजाची स्मृती जपणे हा मर्जीचा विषय, असे वाचकाला वाटेल. परंतु पाणी, गटारे व प्राथमिक शाळा यांच्याच पंक्तीला, बंधनकारक यादीत, मृतांच्या अंत्यविधीच्या जागा राखणे व नव्या जागा उपलब्ध करणे हे कर्तव्यही आहे. कायद्याची भाषा रुक्ष असते. आशय मात्र येथे रुक्ष नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही दफनभूमीचा उल्लेख आहे.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातून, गोव्यातून, मंगळूरहून, केरळातून आली. पहिल्या पिढीतील अनेकांचे पार्थिव गावी नेले जाई, कारण घर तिकडेच आहे अशी भावना होती. तिसरी पिढी आता येथेच जन्मते व येथेच देह ठेवते. ज्या भूमीत आपले वडील निजले आहेत, ती भूमी परकी राहत नाही.

जकातीच्या बळावर ही महानगरपालिका श्रीमंत म्हणून गाजली, रस्ते रुंद झाले. जकात २०१३ मध्ये गेली. जमिनीचे भाव मात्र चढतच राहिले, आणि दफनभूमीसाठी जागा मागणाऱ्याचा आवाज बाजारात क्षीण असतो.

पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात सांगितले की, लहान संस्थेला जे साधते ते मोठीने हिरावू नये. हे तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू करावे लागते. कबरींची निगा, मृतांची नोंदवही, नोव्हेंबरातील प्रार्थना हे धर्मग्रामाचे काम. त्याचा बोजा पालिकेवर टाकण्यात अर्थ नाही. परंतु विकास आराखड्यात जागा राखून ठेवणे धर्मग्रामाच्या हातात नाही.

आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा आपली मंडळी क्वचितच अर्ज करतात. सभागृह नसतानाही कर्तव्य थांबत नाही. १९८२ नंतर पहिल्या निवडणुकीपर्यंत आणि मार्च २०२२ नंतर पुन्हा, या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला, तेव्हाही कलम ६३ तसेच होते. एका वृद्ध कामगाराने मला विचारले, "फादर, माझी जागा कुठे?" त्याला मी स्वर्गाचे उत्तर दिले. त्याला सर्व्हे नंबर हवा होता.