म्हातारी कोंबडी आणि कोंकणचें परसूं



इतिहास म्हटला कीं गड, तह आणि वंशावळी आपल्या डोळ्यांपुढें येतात. परसांतल्या खुराड्यासहि इतिहास असतो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. रत्नागिरीच्या खेड्यांतून, अंडीं कमी देऊं लागलेली कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या कां सांभाळली गेली, एवढाच प्रश्न आज घेऊं.

कोंबडी मूळची रानची. १८६८ सालीं डार्विननें तिचें मूळ तांबड्या रानकोंबड्यांत असल्याचें प्रतिपादिलें. पुढें २००८ सालच्या संशोधनानें दाखविलें कीं, तिच्या पिवळ्या कातडीचा गुण करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. आणि हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीचाहि रहिवासी आहे. तथापि मनुस्मृतीनें गांवकोंबडा द्विजांस निषिद्ध ठरविला, आणि कोंकणांतील ब्राह्मणांच्या अंगणांत त्यास थारा मिळाला नाहीं. तो नांदला कुणबी, भंडारी, गाबीत, महार आणि मुसलमान यांच्या घरीं. त्याचा हिशेब बहुधा घरच्या बाईच्या हातीं असे.

त्या हिशेबांत नराचें आयुष्य थोडें. राखणदाराचा मान आणि पाहुण्याचें जेवण यांत तो खर्ची पडे. मादी मागें राही. वयाबरोबर तिचीं अंडीं कमी होत. पण अंड्यांवर बसण्याची वृत्ति टिकून राही. खुडूक झालेली जुनी कोंबडी २१ दिवस अंडीं उबवी, पिलांना घारीपासून जपी आणि कोंकणच्या पावसांत पंखांखालीं घेई. यंत्र नव्हतें तेव्हां पिलें निपजविण्याचा तोच एक उपाय होता.

दुसरें कारण रोगाचें. १९२७ च्या सुमारास हिमालयांतील राणीखेत येथें ज्या रोगाची ओळख पटली, त्यास आपल्याकडे मानमोडी म्हणतात. ही सांथ खुराडींच्या खुराडीं रिकामीं करी. तींतून वांचलेल्या कोंबडीच्या अंगीं प्रतिकारशक्ति येते, आणि अंड्याच्या बलकावाटे ती कांहीं दिवस पिलांसहि लाभते. गृहिणीस हें शास्त्र ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु सांथींतून तरलेल्या कोंबडीचीं पिलें तगतात, एवढें पाहावयास शास्त्र लागत नाहीं.

आतां लस आली, उबवणीचें यंत्र आलें. इटलींतील लिव्होर्नो बंदराचें नांव मिरविणारी लेगहॉर्न क्वचितच खुडूक होते. तिच्या सुधारलेल्या वाणाची कोंबडी वर्षाला सुमारें ३०० अंडीं देते. मोठ्या कारखान्यांत ती साधारणपणें दीड-दोन वर्षांची झाली कीं निकालांत निघते. म्हातारी कोंबडी तेथें दृष्टीसच पडत नाहीं.

जुनी गृहिणी कांहीं भूतदयेपोटींच कोंबडी पाळीत नव्हती. तीहि नफातोटा पाहत होती. मात्र तिच्या जमाखर्चांत अंड्याखेरीज उबेला, अनुभवाला आणि रोगांतून तरलेल्या रक्तालाहि किंमत होती. आज परसांत चार कोंबड्या पाळणारानें म्हातारी ठेवावी कीं काढावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र तिला निरुपयोगी म्हणण्यापूर्वीं, आपण उपयोग कशास म्हणतों, याचा एकवार विचार करावा.