उतरलेला खांदा आणि कामगाराची वस्ती

इजिप्तमध्ये नाईलच्या पश्चिमेस देर-एल-मदिना येथे राजांची थडगी खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. इ. स. पूर्व तेराव्या शतकातील इपुई हा तेथलाच एक शिल्पकार. त्याच्या स्वतःच्या थडग्यात एक चित्र आहे. कारखान्याचेच म्हणा ना! एकाच्या पायावर मोगरी पडते आहे, एकाच्या डोळ्याची शुश्रूषा चालू आहे, आणि एक जण खाली पडलेल्या सोबत्याचा हात धरून बसला आहे. हा उतरलेला खांदा बसविण्याचा प्रकार असावा, असे जाणकार म्हणतात. १८७० साली बर्नच्या थिओडोर कोखर या शल्यवैद्याने कोपर वाकवून हात सावकाश बाहेर फिरविण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्याशी त्यांना येथे साम्य दिसते.

खांद्याची खोबण उथळ, म्हणून हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच तो निखळतोही. एकदा गोळा बाहेर आला की भोवतालचे स्नायू आवळतात. त्यांना थकवायचे किंवा चकवायचे, एवढीच सारी विद्या. हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात काखेत टाच रोवून हात ओढण्याची रीत आहे. आपल्या सुश्रुताने काखेत मुसळ घालून सांधा उचलावा व स्वस्तिकबंध बांधावा असे सांगितले. (घरोघरचे मुसळ, औषधालय शोधायला नको!) १८४६ नंतर ईथरने स्नायू सैल पडू लागले, तेव्हा कुठे ओढाताण थांबली.

पण आम्हां युनियनवाल्यांची नजर पुढच्या दिवसांकडे जाते. त्याच वस्तीत दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षीची गैरहजेरी दगडाच्या चिपेवर कारणांसह लिहिलेली सापडली आहे: आजार, डोळे, विंचूदंश. वस्तीच्या वैद्यालाही धान्य मिळे. आणि इ. स. पूर्व सुमारे ११५७ मध्ये मजुरीचे धान्य थकले, तेव्हा याच कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली. लेखी नोंद असलेला हा पहिला संप.

१९२३ साली लंडनच्या बँकार्टने खांदा पुनःपुन्हा का उतरतो ते दाखविले: खोबणीची कडा फाटलेली राहते. त्याच वर्षी आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. पाठीवर पोती वाहणाऱ्या रोजंदारीच्या हमालाच्या वाट्याला मात्र त्यातले थोडेच आले. डॉक्टर तीन आठवडे हात झोळीत ठेवायला सांगतो. घरची चूल आठव्या दिवशी झोळी सोडायला लावते.