१९२१ च्या जनगणनेत नसलेला रकाना

१/ जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत पोहोचला. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट संहारक ठरली. आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. वाळवा, तासगाव हे तालुके ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती.

२/ १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आली. साथीचा संहार या घटीत दिसतो. परंतु आजारातून वाचूनही ज्यांची ताकद परतली नाही, ते कोठे दिसतात? जनगणनेत वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि कुष्ठरोग एवढ्याच व्याधींची नोंद होती. रेंगाळणाऱ्या अशक्तपणाला रकानाच नव्हता.

३/ मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातील इस्लामपूर कोविडमुळे राज्यभर चर्चेत आले. तेव्हाही रोजचे आकडे तेच: बाधित, मृत, बरे झालेले.

४/ ‘बरे झालेले’ हा शब्द अपुरा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडोत्तर विकाराची व्याख्या केली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी लक्षणे. थकवा, धाप, एकाग्रतेचा अभाव ही त्यांतील प्रमुख. सौम्य आजारानंतरही ती उद्भवू शकतात. लशीने धोका घटतो, संपत नाही. पुन्हा झालेला संसर्गही तो घेऊन येतो.

५/ म्हणून बंदिस्त गर्दीत आजही मास्क लावणाऱ्याला भित्रा म्हणू नये. १९१८ च्या वाचलेल्यांची व्यथा नोंदीअभावी हरवली. आपल्या घरातील कोणी ‘अजून पूर्वीसारखं वाटत नाही’ म्हणाले, तर ते तारखेसह लिहून ठेवावे.