बंदूक कशी धरली?

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकले. वाशीमला घरी बसून ती फेरी पाहताना माझ्या मनात एक प्रश्न रेंगाळत होता. आधी गुडघा टेकून, मग पालथे पडून, शेवटी उभ्याने. या तीन स्थिती आल्या कोठून?

त्या रणांगणातून आल्या. १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी लढल्या, तेव्हा दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागे. पालथ्या माणसाला ते फार अवघड. म्हणून सैनिक उभाच राही आणि शत्रूला पूर्ण दिसे. युरोपी कवायतीत पुढची रांग गुडघा टेकू लागली, ती मागच्यांना वाट मिळावी म्हणून. मागून भरायची बंदूक आली आणि चित्र पालटले. १८६६ साली कोनिगग्रेट्झला प्रशियाचे सैनिक आडोशाला पडून बार भरत होते. ऑस्ट्रियाचे उभ्याने ठासत होते.

आजच्या खेळात हात वेगळेच काम करतात. पालथ्या स्थितीत भार गोफासारखा पट्टा पेलतो. याच स्थितीत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या ठरल्या. गुडघ्यावर बसताना डावे कोपर डाव्या गुडघ्याशी टेकते. उभ्याने मात्र पट्टा वापरता येत नाही. कोपर कमरेच्या हाडाशी टेकवून भार हाडांवर सोपवावा लागतो. उजवा हात बंदूक आवळत नाही. बोटाचे टोक चाप सरळ मागे आणते, बाकी हात सैल. नेमबाज डोळे मिटतो, उघडतो. माशी लक्ष्यावरून सरकलेली दिसली, तर हाताने ओढून आणत नाही, पाय किंवा कंबर हलवून अख्खे शरीर फिरवतो. लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर. कुसाळे याच सर्वांत अवघड स्थितीत, पाचव्या स्थानावरून तिसऱ्यावर आले.

आपला लढायांचा इतिहास सेनापती आणि तारखांनी भरलेला आहे. पण दारू ठासणारा माणूस आडोसा का घेऊ शकत नव्हता, हे बखर वाचताना आपण विचारत नाही. चित्रकारही त्याला खुशाल पालथा पाडून बंदूक भरायला लावतो. त्या माणसाचे उभे राहणे शौर्याचे होते, आणि नाइलाजाचेही. दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय पानिपतावरच्या त्या गारद्याला न्याय मिळणार नाही.