कलकत्त्याची पंडिता

चाकरीनिमित्त कलकत्त्यात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस एका गोष्टीचा विसर पडतो. रमाबाईंना ‘पंडिता’ ही पदवी पुण्याने नव्हे, तर याच नगरातील विद्वानांनी १८७८ साली दिली. पुढे येथील स्त्रियांसमोर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे चाळली. स्त्री उच्च कुळातील असो वा हीन, पतिसेवेवाचून तिला गती नाही. वेद शूद्रांप्रमाणे तिलाही वर्ज्य, असे त्यांत आढळले. १८८० साली त्यांनी शूद्र गणल्या गेलेल्या बंगाली बिपिनबिहारी मेधावींशी विवाह केला. १८८२ साली वैधव्य आले. सासरचा जाच, मारहाण व विधवांचे हाल त्यांनी १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या इंग्रजी ग्रंथात निर्भीडपणे मांडले. त्या ग्रंथामागील पहिली शंका या नगरात उपजली, याचे स्मरण आम्ही ठेविले पाहिजे.